लॉक केली होती ना, जोला?

६ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! आमच्या किनाऱ्यावरच्या ईस्ट लंडनच्या शोरूममधून अफिवेचा फोन. "सिस्टर, तुमचा नंबर चौथा आहे." अगं बाई, जानेवारीतही चौथाच होता! मधल्या दोन महिन्यांत पुढचे तिघे काय झोपा काढतायत? म्हणते, हायब्रिड गाडी महिन्याला एक येते, कधी तीही येत नाही. जहाज डर्बनच्या बंदरात अडकलंय. मागच्या वेळी ते समुद्रात होतं. निदान किनाऱ्याला तरी लागलं म्हणायचं.

जोलाला सांगितलं. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतो, "चौथा म्हणजे पदकाच्या अगदी जवळ." या माणसाला राग का येत नाही, हे तेहतीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं नाही.

१४ मार्च

सुट्टी घेऊन शोरूमला गेलो. म्हटलं, तोंड दाखवलं की नंबर सरकतो. कसलं काय! अफिवे गोड आहे, पण माल नसलेल्या दुकानातली गोड मुलगी. लगेच दुसऱ्या गाडीकडे नेलं.

"ताता," ती जोलाला वडिलांसारखी हाक मारत म्हणाली, "ही पेट्रोलवाली आज संध्याकाळी घरी न्या. तीच गाडी, तीच सीट. हायब्रिडला कदाचित जुलै उजाडेल."

जोला तिला म्हणाला, "पोरी, हिच्या वडिलांनी मला चार वर्षं थांबवलं होतं. लग्नाच्या देण्यात दर वेळी एक गाय कमी पडायची. ही तर नुसती गाडी आहे."

अफिवे हसून हसून बेजार झाली. मग फॉर्म पुन्हा भरला, आधीचा कुणीतरी हरवला होता! वेलीले माबांड्ला, वय त्रेसष्ट, निवृत्त गणित शिक्षक. पत्नी नोमालिझो माबांड्ला, नर्स, झ्वेलित्शा क्लिनिक. या नावांनी आम्हाला कुणी हाकच मारत नाही. मी माहेरच्या कुळावरून मामभेले, तो त्याच्या कुळावरून जोला. फॉर्मवरचे ते दोघे कुणी परकेच वाटतात.

परत येताना जुन्या गाडीने चढावर दोनदा दम टाकला. मी सीटवरून हात फिरवून तिला धीर दिला.

१ एप्रिल

काही नाही. वीज चारदा गेली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, पूर्ण विजेवर चालणारी का नाही घेत? जोला म्हणाला, "आणि चार्ज कशावर करू, तुमच्या मेणबत्तीवर?"

म्हणून तर हायब्रिड. ब्रेक दाबला की स्वतःची वीज स्वतः तयार करते, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

१९ एप्रिल, बुधवार

आली! पहिल्या नंबरवाल्याला रंग आवडला नाही, दुसऱ्याने वाट बघून पेट्रोलवाली घेतली, तिसऱ्याचं... असो, अफिवे तिसऱ्याबद्दल काहीतरी भरभर बोलली, माझं लक्ष नव्हतं. आली! पण रंग तपकिरी. "कॉफीसारखा आहे, सिस्टर. काहींना तो जरा... शेणासारखा वाटतो."

मी फोनवर हात ठेवून जोलाला विचारलं. तो म्हणाला, "रंग पेट्रोल पितो का?"

पुढच्या बुधवारी ताब्यात.

२६ एप्रिल, बुधवार

शोरूममध्ये गाडीवर काळं रेशमी कापड, त्यावर लाल फीत, नवरीसारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झाडू मारणाऱ्या बाईंनीही. जोलाने कापड ओढलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला गाड्यांचं काही कौतुक नाही! पण आठ महिने!

मग अफिवेने वीस मिनिटांत चाळीस गोष्टी सांगितल्या. कॅमेरा, ब्रेक, फोन कसा जोडायचा. आणि ही चावी — चावी कसली, साबणाची वडीच. खिशात राहू द्यायची. बाहेर काढायचीच नाही. दाराच्या हँडलला हात लावला की गाडी ओळखते, उघडते. उतरल्यावर हँडलवरच्या रेघेवर बोट ठेवायचं, की लॉक. बाजूचे आरसे कानासारखे मिटतात, म्हणजे समजायचं झोपली.

"आणि आणखी एक, ताता," असं ती म्हणाली, तेवढ्यात वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत फोटोवाल्याने आम्हाला बाहेर उन्हात उभं केलं, आणि ते आणखी एक राहूनच गेलं.

२९ एप्रिल, शनिवार

गावी, डेबेला गेलो. घरात नवीन काही आलं की पूर्वजांना सांगायचं, मग ती सून असो नाहीतर गाडी. जावेने चार दिवस आधी मक्याची बिअर आंबवायला घातली होती. थोरले दीर गोठ्याच्या फाटकाशी उभे राहिले, कुळातल्या सगळ्या वडिलांची नावं घेतली, चारही चाकांपाशी थोडी थोडी ओतली. म्हणाले, "जोलाच्या घरच्यांनो, ही तुमची मुलं यात बसून फिरतील. रस्त्यावर लक्ष ठेवा."

मग जोलाने चावी खिशात ठेवूनच दार उघडून दाखवलं. दीर चार पावलं मागे गेले.

"चावी न लावता उघडलं?"

"चावी खिशात आहे, दादा. ती मला ओळखते."

"आज तुला ओळखते. उद्या चोराशी ओळख झाली म्हणजे?"

जावेच्या हातातला तांब्या हिंदकळला, इतकी हसली. मी मटणाचं दुसरं ताट घेतलं. फार दिवसांनी इतकी मोकळी जेवले.

१६ मे, मंगळवार

आज एक विचित्र झालं. मॉलमधून दोघं बाहेर आलो, तर गाडी उघडी. आरसे सताड बाहेर. काही गेलं नव्हतं, मागच्या सीटवर माझा कोट तसाच.

"लॉक केली होती ना, जोला?"

"केली होती."

"मग?"

"मग काय? केली होती."

आणि हे कोण म्हणतंय — जोला! दोन वर्षांपूर्वी याच मॉलमध्ये चोरांनी यंत्र लावून आमच्या जुन्या गाडीच्या रिमोटचा सिग्नल अडवला होता. बटण दाबलं, गाडी लॉक झालीच नाही, माझी पर्स आणि त्याचा चर्चच्या गायनाचा काळा कोट गेला. तेव्हापासून हा लॉक केल्यावर हँडलला हिसका दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. एकच हिसका, कान पिळावा तसा, की वळून तरातरा चालू लागतो. तसे इकडे सगळेच करतात, पार्किंगमध्ये बघावं तर अर्धं क्वोन्से शहर हँडल ओढत असतं. पण इतका काटेकोर माणूस विसरलाच कसा?

विसरतो कधी कधी माणूस.

४ जून, रविवार

चर्चबाहेर पुन्हा उघडी. पास्टरच्या बायकोने सांगितलं, "मामभेले, तुमची गाडी आत या म्हणतेय."

जोला शपथेवर सांगतो, लॉक केली होती. हिसकाही दिला होता.

९ जून

खाटकाच्या दुकानासमोर. उघडी.

११ जून

मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. इथे कोण वाचतंय?

सासरे. शेवटची तीन वर्षं. सुरुवात अशीच झाली होती. गोठ्याचं फाटक उघडं राहायचं. "लावलं होतं," म्हणायचे. रागावून, खात्रीने, लावलं होतं! गुरं दुसऱ्याच्या मक्यात शिरायची, भांडणं व्हायची, आणि म्हातारा शपथा घ्यायचा. आम्ही चिडायचो. मग एक दिवस त्यांनी थोरल्या दिरांना विचारलं, "आपण कोणाच्या घरचे?" तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ते फाटक काय सांगत होतं.

मी नर्स आहे. क्लिनिकमध्ये अशा बायका रोज येतात, नवऱ्याला हाताला धरून. त्यांना मी ठणठणीत आवाजात सांगते, लवकर आणायचं होतं. आता मीच त्या बायकांच्या रांगेत.

१७ जून, शनिवार

एक लक्षात आलं. चावी माझ्या पर्समध्ये असली, की गाडी लॉक राहते. आज माझ्याकडे होती. मी ट्रॉली आणायला पुढे गेले, मागे वळून पाहिलं तर जोला हिसका देत होता. परत आलो, गाडी बंद! परवाही तसंच. चावी त्याच्या खिशात असली, की उघडी.

म्हणजे गाडी ठीक आहे. दुसरं काय म्हणायचं?

२० जून

ओयामाला केप टाउनला फोन केला. लेक म्हणाली, "आई, ताताला एवढ्यात काही सांगू नकोस. आधी तू बघ. आजोबांच्या वेळी डॉक्टर विचारायचे तसं विचार. तारीख, वार, शंभरातून सात वजा."

ठरलं. पण हळूच. त्याला संशय येता कामा नये.

२१ जून

आज सकाळी उठल्या उठल्या: "जोला, आज काय तारीख रे?" त्याने सांगितली. बरोबर.

दुपारी म्हटलं, "क्लिनिकमध्ये एक खेळ आहे. शंभरातून सात, मग पुन्हा सात, असं करत जायचं." मी विसरले की समोर गणिताचा मास्तर आहे! दोनपर्यंत गेला, मग उणे पाच, उणे बारा... उणे ब्याऐंशीला मी थांबवलं. "अजून खाली जाता येईल," म्हणाला.

बरं वाटलं. अर्धा तास. गणित सासऱ्यांनाही शेवटपर्यंत यायचं, गुरं मोजायचे — नसलेली.

२८ जून

रोज सकाळी तारीख विचारते. रोज बरोबर सांगतो. पण आता सांगताना माझ्याकडे बघतो, जरा जास्त वेळ. कळलंय का त्याला?

आणि गाडी आज पुन्हा उघडी. या वेळी छत्री गेली.

"लॉक केली होती."

"हो रे, केली असशील."

"असशील नाही, मामभेले. केली होती."

२ जुलै

भांडले. माझंच चुकलं. पार्किंगमध्ये, लोकांसमोर, त्याला म्हटलं, "लहान मूल आहेस का, एक दार बंद करता येत नाही?" त्याच्याकडून दहावीला गणित शिकलेला एक माणूस तिथेच उभा होता, आता बँकेत साहेब आहे. त्याने नमस्कार करायला टोपी काढली होती, ती तशीच हातात धरून उभा राहिला.

घरी आल्यावर जोलाने चावी खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं त्याने स्वतःच मिटली.

"तूच ठेव. तूच चालव. मला वाद नकोय, मामभेले."

इतक्या मऊ आवाजात! ओरडला असता तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

६ जुलै

त्याने स्वयंपाकघरात एक मोठं कॅलेंडर आणून टांगलं. रोजच्या चौकोनावर जाड पेनाने फुली. माझ्यासाठी बिछान्यात चहा आणला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा! "आज गुरुवार आहे, मामभेले," म्हणाला, मी विचारायच्या आधीच.

बिचारा सराव करतोय. पकडलं जाऊ नये म्हणून.

८ जुलै, शनिवार

जोलाने बारावीच्या मुलांचा शनिवारचा शाळेतला वर्ग बंद केला. कारण विचारलं तर म्हणाला, "तुला घरी एकटं कशाला सोडू?" माझं निमित्त! वीस वर्षं चालवलेला वर्ग! मुलं फाटकाशी येऊन गेली, वह्या घेऊन.

११ जुलै

डॉक्टर गोवेंदरांकडे वेळ घेतली. त्याच्यासाठी. एकवीस ऑगस्ट, सकाळी दहा. त्याआधी नाहीच म्हणाले. जोलाला सांगितलेलं नाही. रक्तदाबाचं निमित्त करून नेईन.

घराची कागदपत्रं कुठे आहेत, ते बघून ठेवलं. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

२२ जुलै

ऐन हिवाळ्याची थंडी. डोंगरावर बर्फ पडलं म्हणे. जोला दिवसभर माझ्याशी हळू हळू बोलतो, एकेक शब्द सुटा करून, वर्गातल्या कच्च्या मुलाशी बोलावं तसा. कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही. माझं मीठ जास्त झालं तरी "छान झालंय." हा तो माणूस नाही! माझा माणूस मिठावरून घर डोक्यावर घ्यायचा नाही, पण टोमणा तरी मारायचा.

हरवतोय. माझ्या डोळ्यांसमोर.

१२ ऑगस्ट, शनिवार

देवा! देवा! देवा!

नीट लिहिते. पहिल्यापासून.

मॉलला एकटीच गेले होते. तिथे गाड्या राखणारे इलुंगा आहेत, काँगोचे, पन्नाशीचे, पिवळं जाकीट घालतात. मी उतरले तर म्हणाले, "सिस्टर, ताता हल्ली दिसत नाहीत? आजारी आहेत?"

काय सांगणार? म्हटलं, "वय झालं."

"त्यांच्या गाडीपाशी मी मुद्दाम उभा राहायचो. ते लॉक करून पुन्हा उघडून जायचे ना, म्हणून."

"म्हणजे?"

"बोट ठेवायचे, आरसे मिटायचे. मग हँडलला हिसका द्यायचे. दार उघडायचं नाही. ते खूश होऊन निघायचे. चार पावलं जातात न जातात तोच मागे आरसे पुन्हा बाहेर! मी दोनदा हाक मारली. पण ताता फार भरभर चालतात, आणि इथे टॅक्सीवाल्यांचे हॉर्न. शेवटी म्हटलं, आपणच उभं राहावं. छत्री गेली त्या दिवशी माझी सुट्टी होती."

पर्स खांद्यावर होती, चावी तिच्यात. बोट ठेवलं. आरसे मिटले. मग हिसका दिला, जोला देतो तसा, झटकन. दार घट्ट! मी वळले. एक, दोन — मागे टक. आरसे बाहेर!

पुन्हा केलं. टक. पुन्हा केलं. टक!

अगं बये! चावी खिशात असताना हँडलला हात लावला की गाडी उघडायची, हेच तर तिचं काम! हिसका इतका झटकन की दार उघडायच्या आत हात निघालेला असतो. मग ती मागून उघडते — मालकाने हात लावला म्हणून, आज्ञाधारकपणे. आणि चावी माझ्या पर्समध्ये असली, मी लांब ट्रॉलीपाशी असले, की तो कितीही हिसके देवो, ती कशाला उघडेल? मी स्वतः कधी हिसका देत नाही, मी नुसते आरसे बघते. म्हणून माझ्या हातून कधी घडलं नाही.

त्याने लॉक केली होती! प्रत्येक वेळी! तो शपथेवर सांगत होता आणि तो खरं सांगत होता!

मी इलुंगांना मिठी मारली. भर पार्किंगमध्ये, झ्वेलित्शाची सिस्टर! ते बिचारे दोन्ही हात वर करून उभे. "सिस्टर, काही चुकलं का माझं?"

तिथूनच अफिवेला फोन केला. ती कपाळावर हात मारल्यासारखी ओरडली. "सिस्टर, तेच सांगायचं राहिलं! तुम्ही अकराव्या. परवा एक गृहस्थ तर गाडी परत द्यायला आले होते, हिच्यात भूत आहे म्हणून. ज्यांनी माहितीपुस्तक लिहिलंय ना, त्यांच्या देशात कुणी हँडल ओढून बघत नसणार."

सामान न घेताच घरी आले.

१२ ऑगस्ट, दुपारनंतर

सांगितलं त्याला. अंगणातच. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग गाडीपाशी गेला. बोट, हिसका, पाठ वळवली. टक.

माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं आता रागावणार. रागवायला हवंच होतं! पण खांदे हलायला लागले, आणि मग जे हसू फुटलं! शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावले. "काय झालं, जोला?"

"गाडी माझ्यापेक्षा जास्त आज्ञाधारक निघाली!"

मी म्हटलं, "मला माफ कर. त्या दिवशी लोकांसमोर..."

"लॉक केली होती," तो म्हणाला.

"हो. केली होती."

"पुन्हा म्हण."

"केली होती, केली होती, केली होती!"

तारखांचं, वजाबाकीचं, डॉक्टरांचं मात्र काही बोलले नाही. कशाला? सोमवारी गुपचूप फोन करून वेळ रद्द करेन. त्याला कधी कळायलाच नको की त्याची बायको त्याच्याबद्दल काय काय विचार करत होती.

ओयामाला फोन केला. दोघी रडलो. ती म्हणाली, "आई, एका हँडलपायी तू माझे दोन महिने खाल्लेस."

मला इतकं हलकं वाटतंय की काय करू कळत नाही. पडदे धुतले. सगळे.

१३ ऑगस्ट, रविवार

मास्तर कामाला लागलेत! सकाळपासून अंगणात प्रयोग. मी चावी घेऊन उभी, तो हिसके देतोय. एक पाऊल: उघडते. दोन पावलं: उघडते. तीन: कधी उघडते, कधी नाही. पाच: बंद! वहीत तक्ता काढला. निष्कर्ष: लॉक केल्यावर मामभेलेने चावी घेऊन पाच पावलं लांब जायचं, मग जोलाने हिसका द्यायचा.

"अरे, पण हिसका दिलाच नाही तर?"

"मग लॉक झाली हे कसं कळणार?"

चर्चबाहेर तसंच केलं. मी चावी छातीशी धरून पाच पावलं मोजत चालले, तो गंभीर चेहऱ्याने हिसका देऊन म्हणाला, "बंद!" पास्टरच्या बायकोने विचारलं, हा कुठला नवा विधी?

पुढच्या शनिवारपासून वर्ग सुरू करणार म्हणाला. मग थांबून माझ्याकडे बघितलं. "तुला चालेल ना? एकटी राहशील तासभर?" मी म्हटलं, तू जा रे बाबा! मला स्वयंपाकघर मोकळं मिळेल. मक्याचा भरडा आणि घेवडा केलाय, हाडं घालून. मीठ जास्त झालं. तरी "छान झालंय" म्हणाला. सवय लागलीय आता, काढायला हवी.

१४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी चहा बिछान्यातच. "आज सोमवार आहे, मामभेले. चौदा तारीख." हो रे, माहीत आहे!

जेवणाच्या सुट्टीत गोवेंदर डॉक्टरांकडे फोन केला. म्हटलं, एकवीस तारखेची, दहाची, माबांड्ला, रद्द करा.

"करते," तिथली मुलगी म्हणाली. "आणि साडेदहाची?"

"साडेदहाची कुठली?"

"नोमालिझो माबांड्ला. तुमच्या मिस्टरांनी पाच जुलैला घेतली. मला वाटलं, दोघं मिळून येताय." मग तिने त्याने लिहून दिलेलं कारण वाचून दाखवलं: "बायको रोज सकाळी मला आजची तारीख विचारते. शंभरातून सात वजा करायला लावते आणि उत्तर ऐकून खूश होते. कृपया तिला घाबरवू नये. तिला मी सांगेन की आम्ही माझ्यासाठी येतोय."

मी तिथेच औषधांच्या खोक्यावर बसले.

दीड महिना. एकाच घरात. मी त्याला जपत होते आणि तो मला.

"तीही रद्द करू का?" तिने विचारलं.

नको, म्हटलं. माझ्या छातीवरचा दगड शनिवारी उतरला. त्याचा पुढच्या सोमवारी उतरू दे.